ओळखा पाहू, हे यंत्र कशाचं?

(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातली काही वाक्यं तशीच ठेवली आहेत. वाचताना प्रत्येक प्रश्नानंतर क्षणभर थांबावं, उत्तर घरातल्या सगळ्यांनी मिळून शोधावं आणि मगच पुढे वाचावं, ही विनंती.)



मला सेक्रेटरींनी सांगितलं, "काका, दहा मिनिटं बोला, सोसायटीच्या आठवणी सांगा." मी म्हटलं, आठवणी सांगायला सगळेच आहेत. गच्चीची गळती, पाण्याचे टँकर, पार्किंगच्या सभा, हे सगळं इतरांच्या लेखांत येणारच. मी आपला माझा खेळ घेतो. खेळता खेळता एक आठवण सांगायची आहे, ती शेवटी सांगेन. ती सांगण्यासाठीच खरं म्हणजे मी उभा राहिलो आहे.

नवीन राहायला आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. आपल्या दुसऱ्या की तिसऱ्या गणेशोत्सवात ऑर्केस्ट्रा ठरवला होता आणि ऐन वेळी लोडशेडिंगमुळे दिवे गेले. मुलं कंटाळली, मोठे चिडले. तेव्हा मी मेणबत्तीच्या उजेडात मुलाच्या फळ्यावर खडूने एक चित्र काढलं आणि विचारलं, "ओळखा पाहू, हे यंत्र कशाचं?" माझी सगळी नोकरी कारखान्याच्या टूलरूममध्ये गेली, त्यामुळे चाकं, दांडे, स्प्रिंगा काढायला हात तयार होता. दिवे परत आले तरी कोणी उठलं नाही. तेव्हापासून दर गणपतीत आपला हा खेळ आहे.

नियम तेव्हा ठरले तेच आजही आहेत. यंत्राचं नाव सांगितलं तर एकच गुण. पण आत काय जातं, मध्ये काय हलतं आणि बाहेर काय येतं, हे सांगितलं तर तीन गुण. नाव पाठ करता येतं, बाकीच्या तीन गोष्टींना डोकं चालवावं लागतं. आणि चुकीच्या उत्तराला कोणी हसायचं नाही.

चला तर. पहिलं यंत्र.

तांब्याची एक वाटी. तिच्या बुडाला बारीक भोक. ही वाटी पाण्याने भरलेल्या घंगाळात तरंगत सोडायची. एवढंच यंत्र. ना चाक, ना स्प्रिंग, ना सेल. ओळखा पाहू?

(मुलांमधून "चाळणी", "बोट", "फुटकी वाटी" अशी उत्तरं आली. मागच्या खुर्च्यांवरून एक आजी म्हणाल्या, "घटिकापात्र! आमच्या लग्नात होतं.")

टाळ्या! आजींना चारही गुण. आत जातं पाणी, हलते ती वाटी आणि बाहेर येते वेळ. भोकातून पाणी हळूहळू वर येतं, वाटी भरते आणि बुडते. ती बुडायला जेवढा वेळ लागतो ती एक घटका, म्हणजे आपली 24 मिनिटं. साठ घटका म्हणजे एक दिवस आणि एक रात्र. घटकेचे साठ भाग केले की एक पळ, ते भरतं 24 सेकंदांचं. लग्नात गुरुजी या वाटीकडे डोळे लावून बसायचे, कारण मुहूर्त तिच्यावर ठरायचा. "त्याची घटका भरली" असं आपण म्हणतो ना, ती हीच वाटी. आता कोणी म्हणालं, "या हो, घटकाभर बसा," तर घड्याळ लावून 24 मिनिटं बसायला हरकत नाही. पाहुण्यांनी त्याहून जास्त बसू नये, हे मात्र माझं मत आहे.

दुसरं यंत्र. हे जरा किळसवाणं आहे, पण मुलांना आवडेल.

काचेच्या बारा बाटल्या गोलाकार मांडलेल्या. प्रत्येक बाटलीत तळाशी थोडं पावसाचं पाणी आणि त्यात एक जळू. हो हो, रक्त पिणारी जळूच! प्रत्येक बाटलीच्या तोंडाशी देवमाशाच्या हाडाचा एक छोटा तुकडा, त्याला तार बांधलेली, आणि सगळ्या तारा वर मधोमध टांगलेल्या घंटेच्या हातोड्यांना जोडलेल्या. जळू वर चढली, तुकडा सरकला, की घंटा वाजते. आता सांगा, हे कशासाठी?

("डॉक्टरांसाठी!" "चोर पकडायला!" "शाळेची घंटा!" सहावीतल्या एका मुलीने विचारलं, "जळू वर का चढते?")

बघा, या मुलीने उत्तर दिलं नाही, पण योग्य प्रश्न विचारला. जळू वर का चढते? इंग्लंडमधल्या व्हिटबी गावच्या डॉक्टर जॉर्ज मेरीवेदर यांचं म्हणणं असं, की वादळ येण्याआधी हवेत जो बदल होतो तो जळवांना कळतो आणि त्या पाण्यातून वर चढू लागतात. एक घंटा वाजली तर दुर्लक्ष करा, पण पाठोपाठ वाजू लागल्या तर समजा, वादळ येतंय. लंडनला 1851 साली जे मोठं जागतिक प्रदर्शन भरलं, त्यात हे यंत्र मांडलं होतं. सरकारने किनाऱ्यावर जागोजागी ते बसवावं म्हणून डॉक्टरांनी पुष्कळ खटपट केली. सरकारने काही ते घेतलं नाही. व्हिटबीच्या संग्रहालयात त्याची प्रतिकृती मात्र आहे.

मला यातली एक गोष्ट फार आवडते. बाटल्या सरळ रांगेत न मांडता गोलात का मांडल्या? तर जळवांना एकमेकी दिसाव्यात आणि एकांतवासाचं दुःख होऊ नये म्हणून! यंत्र चाललं की नाही हे बाजूला ठेवा. जळूला शेजार हवा, हे त्या माणसाला कळलं होतं. आपल्यासारख्या सोसायटीत राहणाऱ्यांनी त्याला एक नमस्कार करायला हरकत नाही.

तिसरं यंत्र आपल्या खजिनदारांना अर्पण.

सुमारे सात फूट उंच फळी. तिच्यावर पारदर्शक टाक्या आणि त्यांना जोडणाऱ्या नळ्या. मध्ये झडपा. खालून पंप रंगीत पाणी वर चढवतो, ते वेगवेगळ्या वाटांनी पुन्हा खाली येतं. एक झडप उघडली की पाण्याचा एक फाटा बाजूला वळतो. दुसरीकडे थोडं पाणी साठून राहतं. बाजूला एक पेन आपोआप कागदावर आलेख काढतं. ओळखा?

("पाणी शुद्ध करायचं मशीन." "आपली ओव्हरहेड टाकी!" "ठिबक सिंचन.")

पाणी हे पाणी नाहीच मुळी. पाणी म्हणजे पैसा! हे संपूर्ण देशाच्या अर्थव्यवस्थेचं यंत्र आहे. बिल फिलिप्स नावाचे न्यूझीलंडचे गृहस्थ. मूळचे इंजिनिअर. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांचे युद्धकैदी होते. सुटल्यावर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकायला आले. अर्थशास्त्राची समीकरणं वाचताना इंजिनिअरच्या डोक्याला वाटलं, हा तर सगळा नळाचा कारभार आहे. मग क्रॉयडनमधल्या एका गॅरेजमध्ये त्यांनी हे यंत्र जमवलं. त्यात लढाईतल्या विमानांचे जुने भागही वापरले होते. 1949 साली प्राध्यापकांसमोर ते चालवून दाखवलं. लोकांचं उत्पन्न वरून वाहत येतं, त्यातून कराची झडप एक हिस्सा सरकारकडे वळवते, बचतीचा एक फाटा जातो, आयातीतून पाणी बाहेर जातं, निर्यातीतून आत येतं. कराची झडप जास्त उघडा, खाली खर्चाची धार बारीक झालेली डोळ्यांना दिसते.

मी खजिनदारांना म्हटलं, असं एक यंत्र आपल्या ऑफिसात ठेवूया. मेंटेनन्सची धार वरून येतेय, सिंकिंग फंडाची टाकी भरतेय, आणि थकबाकीदारांच्या नळ्या कोरड्या पडल्यात, हे सगळ्यांना दिसेल. ते म्हणाले, "काका, यंत्र आणलं तरी गळती आधी गच्चीचीच सुरू होईल!"

चौथं यंत्र आपल्या माणसाचं आहे, म्हणून पटकन पण अभिमानाने सांगतो. किराणा दुकान. पीठ, साखर, चहा. दुकानदाराने तराजूला हात लावायचा नाही. यंत्राने स्वतःच वजन करायचं आणि माल स्वतःच द्यायचा. कोणी केलं असेल?

(या प्रश्नाला कोणालाच उत्तर आलं नाही.)

शंकर आबाजी भिसे. जन्म 1867, मुंबईचा. लंडनच्या एका नियतकालिकाने अशा यंत्राची स्पर्धा ठेवली होती. मुंबईत बसून भिसे यांनी आराखडा पाठवला आणि बक्षीस मिळवलं. पुढे ते लंडनला गेले. छपाईचे खिळे पाडणारं यंत्र त्यांनी तयार केलं, त्याला 'भिसोटाइप' म्हणत. दादाभाई नौरोजींनी पाठबळ दिलं, सर रतन टाटांनी पैसा दिला. पण धंदा म्हणून ते काम हवं तसं उभं राहिलं नाही. अखेर भिसे अमेरिकेत स्थायिक झाले आणि 1935 साली न्यूयॉर्कमध्ये वारले. एडिसनचं नाव इथल्या प्रत्येक मुलाला माहीत आहे. भिसे यांचं नाव घरी जाऊन निदान एकदा उच्चारा, एवढंच मागणं.

पाचवं यंत्र तुम्ही रोज वापरता. पण मी त्याचा फक्त एक भाग सांगणार.

घोडागाडीला असते तशी पोलादी पट्ट्यांची कमान, म्हणजे स्प्रिंग. ती वरून एका दोराने ताणून धरलेली. दोर ताणलेला आहे तोवर कमान वाकलेली राहते. दोर तुटला की कमान सपाट होते आणि तिची दोन्ही टोकं बाजूला सरकतात. बाजूला उभे रूळ, त्यांना करवतीसारखे दाते. कमानीची टोकं त्या दात्यांत घट्ट अडकतात. हे काय?

("धनुष्यबाण!" मग दोन मुलं एकदम ओरडली, "लिफ्ट!")

शाबास! एलिशा ओटिस हे अमेरिकेतले कारागीर. 1854 साली न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या प्रदर्शनात ते स्वतः पाळण्यावर उभे राहिले, पाळणा उंच चढवला आणि भर गर्दीसमोर वरचा दोर कापायला लावला. बायाबापड्यांनी डोळे मिटले असतील. पाळणा काही इंच खाली आला आणि थांबला. पाळण्याने माल चढवणं त्याआधीही होतं, पण दोर तुटेल या भीतीने माणूस त्यात पाय ठेवायला धजत नव्हता. म्हणून लक्षात ठेवा, ओटिस यांनी लिफ्ट शोधून काढली नाही, लिफ्टवरचा विश्वास शोधून काढला. 1857 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर एका पाच मजली दुकानात त्यांची माणसं नेणारी लिफ्ट बसली. पुढे वरचे मजले, जे पूर्वी स्वस्त असायचे, ते हळूहळू महाग झाले. आपल्याकडे चौथ्या मजल्यावरच्या मंडळींनी फ्लोअर राइज भरलाय, त्यांनी हा हिशेब ओटिस यांच्या खात्यावर टाकावा.

आता सहावं. हे सगळ्यात नवलाचं.

एक मोठं लाकडी कपाट. त्याच्या मागे पगडी घातलेला, तुर्की पोशाखातला माणसाएवढा पुतळा बसलेला. कपाटावर बुद्धिबळाचा पट. मालक एकेक दार उघडून, मेणबत्ती धरून दाखवतो, आत चाकं आहेत, दांडे आहेत. मग दारं बंद करून किल्ली देतो. खरखर आवाज होतो. पुतळा डावा हात उचलतो आणि मोहरा हलवतो. आणि बहुतेक वेळा जिंकतो! 1770 साली व्हिएन्नाच्या राजदरबारात वोल्फगांग फॉन केम्पेलेन यांनी हे प्रथम दाखवलं. पुढे 1809 मध्ये नेपोलियन त्याच्याशी खेळला आणि हरला. आता सांगा, आत काय जातं, मध्ये काय हलतं?

("कॉम्प्युटर!" "रिमोट!" "लोहचुंबक!" आपल्या बालवाडीतल्या एका चिमुरड्याने सांगितलं, "आत माणूस बसलाय.")

वय वर्षं पाच, आणि बरोबर! आत माणूसच बसलेला असायचा. सरकत्या बैठकीवर. मालक डावीकडचं दार उघडे तेव्हा तो उजवीकडे सरके, उजवीकडचं उघडलं की डावीकडे. चाकं मधल्या मध्ये, बघणाऱ्याला वाटावं की सगळं कपाट यंत्रानेच भरलंय. मोहऱ्यांच्या तळाला लोहचुंबक होते, त्यामुळे वर कोणता मोहरा हलला हे आत टांगलेल्या लोखंडी चकत्यांवरून कळे. आतल्या माणसाला उजेडासाठी मेणबत्ती लागायची. तिचा धूर पुतळ्याच्या पगडीतून बाहेर जायचा, आणि वास येऊ नये म्हणून बाहेर जवळच मेणबत्त्यांचं झाड पेटवून ठेवायचे. हे कपाट युरोप-अमेरिकेत फिरलं आणि 1854 साली फिलाडेल्फियाच्या आगीत जळालं. म्हणजे तिकडे न्यूयॉर्कमध्ये ओटिस दोर कापून दाखवत होते, त्याच वर्षी.

जगाने टाळ्या वाजवल्या त्या पुतळ्याला. खेळणारा होता आत, अंग चोरून, धुरात. प्रयोग संपला, लोक घरी गेले, की मग तो बाहेर यायचा.

मंडळी, हे यंत्र मी दोन-तीनदा आपल्या खेळात घेतलं आहे. प्रत्येक वेळी सांगताना मला एक माणूस आठवतो. आता मी म्हटलेली आठवण सांगतो. थोडं घसा खाकरून सांगतो.

आपल्याकडे पहिल्यापासून वॉचमन होते ते मामा. नाव घेत नाही, त्यांना आवडणार नाही. मुलं त्यांना मामाच म्हणायची, मोठेही मामाच म्हणायचे. गाव माण तालुक्यातलं, दुष्काळी. पहाटे पाचला पंप लावायचा, टाकी भरली की बंद करायचा. तुमच्या-माझ्या नळाला सहा वाजता पाणी यायचं. आपल्याला वाटायचं, पाणी आलं. पाणी येत नव्हतं, मामा आणत होते.

एका गणपतीत मी फळ्यावर मोट काढली. विहीर, वर मोठं चाक, चामड्याची मोट, नाडा, बैल, आणि बैलांना चालायला उताराची धाव. प्रश्न विचारला. एका मुलाने सांगितलं, विहिरीतून पाणी काढायचं साधन. बरोबर. मग मी माझं ज्ञान पाजळलं. म्हटलं, "याला दोन माणसं लागायची. एक बैल हाकायला आणि एक वर विहिरीच्या तोंडाशी, मोट ओढून पाणी ओतायला." हे मी तोवर दोन-तीन वर्षं असंच सांगत आलो होतो. मी मुंबईच्या चाळीत वाढलेला माणूस. मोट मी पुस्तकातल्या चित्रात पाहिली होती.

तेव्हा मागून, गेटच्या बाजूने आवाज आला. "न्हाई साहेब. वर दुसरा गडी कशाला पाहिजे? एक गडी आन् दोन बैल. मोट आपली आपणच वतती."

सगळे मागे वळले. मामा संकोचले. मी म्हटलं, "मामा, या पुढे. दाखवा." ते चप्पल बाजूला काढून आले, माझ्या हातातला खडू घेतला आणि माझ्या चित्रात दोन रेघा वाढवल्या. बास, दोन रेघा. एक, मोटेच्या बुडाला हत्तीच्या सोंडेसारखी चामड्याची लांब नळी. दुसरी, त्या सोंडेच्या तोंडाला बांधलेली बारीक दोरी, जी खालच्या एका लाटेवरून, म्हणजे लाकडी रुळावरून, बैलांकडे जाते. जाड नाडा वरच्या चाकावरून, बारीक दोरी खालच्या रुळावरून, आणि दोन्ही एकाच जुवाला बांधलेल्या.

आता बघा गंमत. मोट विहिरीत असते तेव्हा बारीक दोरीने सोंड वर दुमडून धरलेली असते, म्हणून पाणी सांडत नाही. बैल धावेवरून खाली चालत जातात, दोन्ही दोर बरोबरीने ओढले जातात, मोट वर येते. विहिरीच्या काठाशी आली की मोट नाड्याबरोबर उंच चाकाकडे जाते आणि सोंड बारीक दोरीबरोबर पुढे थारोळ्यावर खेचली जाते. सोंड सरळ झाली की पाणी थारोळ्यात! बैल मागे आले की मोट पुन्हा खाली. कुणी हात लावायचा नाही. सोंड नसेल तर मात्र विहिरीवर दुसरा माणूस लागतोच, म्हणजे मी सांगत होतो ती बिनसोंडेची मोट. पण माझ्या चित्राखाली मी जे लिहिलं होतं ते महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याची अक्कल एका रेघेत खोडून टाकणारं होतं.

चाळीस वर्षं मी मशीनवर काम केलं. इंटरलॉक म्हणजे काय, एका हालचालीतून दुसरी हालचाल आपोआप कशी घडवायची, हे मी पोरांना शिकवलं. आणि दोन दोर आणि दोन रूळ यांतून केलेली इतकी सुरेख जुळणी मला आमच्या वॉचमननी शिकवली. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "मामा, आजचं पहिलं बक्षीस तुमचं." टाळ्या पडल्या. बक्षीस होतं स्टीलचा डबा.

आता जे सांगायचं ते हे. बक्षीस देताना कमिटीतल्या एकाने माझ्या कानात सांगितलं, "काका, स्पर्धा सभासद आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी आहे. पत्रकात तसं छापलंय. उगाच पायंडा नको." ते गृहस्थ वाईट नव्हते. नियम होता हेही खरं. त्यांना नियम दिसत होता. पण मला तर माणूस दिसत होता ना? मी काय केलं? मी गप्प बसलो. बक्षीस त्या मुलाला दिलं. मामांनीही टाळ्या वाजवल्या, सगळ्यांपेक्षा जोरात, आणि चप्पल घालून गेटवर गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला पंप लागला. सहाला माझ्या नळाला पाणी आलं.

मी तसाच एक डबा विकत आणला. म्हटलं, निवांतपणे देऊ. मग वाटलं, असं एकट्याला नेऊन दिलं तर ते बक्षीस होणार नाही, ती बिदागी होईल. बक्षीस चारचौघांत द्यायचं असतं. त्या विचारात दोन वर्षं गेली. मामा वयामुळे नोकरी सोडून गावी गेले. निरोपाला पाकीट दिलं, हार घातला, फोटोही आहे. डबा मात्र माझ्या माळ्यावर राहिला. सौ. दर दिवाळीच्या साफसफाईत विचारते, "हा कोणाचा?" आणि मी म्हणतो, "राहू दे."

केम्पेलेन यांनी माणसाला कपाटात लपवलं, ते लोकांना फसवायला. मी कोणाला लपवलं नव्हतं. मी फक्त, तो पुढे आलेला असताना, त्याला परत आत जाऊ दिलं. हे जास्त वाईट, असं मला आता वाटतं.

स्मरणिकेच्या निमित्ताने कमिटीने जुन्या लोकांचे पत्ते शोधले, त्यात मामांचा नंबर मिळाला. गेल्या महिन्यात मी फोन केला. आवाज तोच. गुडघे धरलेत, एवढा प्रवास होणार नाही म्हणाले. मी मोटेचं काढलं, माफी मागायला गेलो, तर म्हणाले, "ते व्हय? इसरलो की साहेब." विसरले नव्हते. कारण लगेच पुढचा प्रश्न त्यांनीच विचारला, "आवंदा कंचं यंत्र घेताय?"

मी म्हटलं, "मामा, या वर्षी तुम्हीच द्या."

दोन मिनिटं फोनवर नुसतं कोंबडं ऐकू येत होतं. मग त्यांनी सांगितलं, ते मी कागदावर जसंच्या तसं उतरवून घेतलंय. वाचतो.

"मूठ एक, वाटा तीन. वर टाकलेलं खाली जातंय, आन् खाली गेलेलं चार दिसांनी वर येतंय. वळखा, यंत्र कंचं?"

मंडळी, मला दहा मिनिटं लागली. तेवढ्यात मामा हसत होते. मी उत्तर सांगणार नाही. नियम तेच, नावाला एक गुण. आत काय जातं, काय हलतं, बाहेर काय येतं, याला तीन. गेटजवळ, नोटीस बोर्डाखाली पेटी ठेवली आहे. उत्तर त्यात टाका. मात्र एक बदल आहे आणि तो मी कमिटीला सांगून, सभेत मंजूर करून घेतला आहे. ही स्पर्धा आता या आवारात पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकासाठी आहे. सभासद, भाडेकरू, वॉचमन, झाडणाऱ्या मावशी, घरोघरी येणाऱ्या ताई, दूध टाकणारा मुलगा, आणि त्या सगळ्यांची पोरं. ज्या सदस्याने तेव्हा माझ्या कानात सांगितलं होतं, त्यांनीच या ठरावाला अनुमोदन दिलं. त्यांचे मी मनापासून आभार मानतो.

आणि तो डबा. तो आज इथे टेबलावर आहे. तुम्हा सगळ्यांच्या साक्षीने तो मामांना जाहीर करतो. कार्यक्रम संपल्यावर पुढच्या रविवारी मी आणि पेटी उघडणारी दोन मुलं तो माणला घेऊन जाणार आहोत. रिकामा डबा देऊ नये म्हणतात. आपल्या महिला मंडळाने त्यात काय भरायचं ते ठरवावं.

पंचवीस वर्षं एकत्र राहिलो, भांडलो, पुन्हा एकमेकांच्या घरी वाटीभर साखर मागायला गेलो. पुढची पंचवीस वर्षं हा खेळ कोणीतरी चालू ठेवा. एखादं यंत्र नीट चाललेलं दिसलं, तर त्या बालवाडीतल्या चिमुरड्यासारखं एकदा तरी विचारा, आत कोण बसलंय?